गाणं आलं, पण हझान गेला

मागच्या महिन्यात इथे बर्लिनला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. आठ-नऊ माणसं, त्यातली तिघं ज्यू, आणि गप्पा भरकटत भरकटत सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या, गाण्यावर आल्या. मित्राचं म्हणणं असं की हझान नावाचा जो पगारी प्रार्थना म्हणणारा माणूस असतो तो युरोपातून नाहीसा होत चाललाय ते एका परीने बरंच झालं, लोकांना गप्प बसवून हा एकटा ऑपेरा झोडायचा, आता सगळे मिळून सोप्या चालीत गातात, हीच खरी प्रार्थना. त्याच्या शेजारी बसलेली बाई उसळलीच. म्हणाली, नाहीसा कुठे, उलट हझानच्या गाण्याला इतके चांगले दिवस कधी नव्हते, क्राकोवला जा, बुडापेस्टला जा, जुनी सिनेगॉग दुरुस्त करून झकपक केलीयेत, लोक तिकीट काढून येतात, उभं राहून टाळ्या वाजवतात. पुढचे दोन तास नुसती खडाजंगी. वाइन संपली, वाद संपला नाही, आणि घरी येताना मला सारखं वाटत राहिलं की हे दोघं भांडतायत तावातावाने पण भांडणाचा विषयच चुकीचा धरलाय.

कारण दोघांनीही हझान म्हणजे गळा असं धरून टाकलंय. एकाला तो गळा नकोसा झालाय, दुसरीला तो कुठेही ऐकायला मिळाला तरी चालतो. माझं मत असं की हझान म्हणजे गळा नाही, ते पद आहे. अमुक एका मंडळीने, म्हणजे एका सिनेगॉगच्या ज्यू समुदायाने, नेमलेला, तिच्याकडून पगार घेणारा, तिच्या लग्नाला आणि मयताला उभा राहणारा, आणि चुकला तर तिच्याच शिव्या खाणारा माणूस. कॉन्सर्टमधे गाणं टिकेल, समूहगानात उत्साह टिकेल, पण हे पद दोन्हीकडे टिकत नाही, आणि युरोपात ज्या काही ज्यू मंडळ्या उरल्यात त्यांनी ते पदरमोड करून टिकवावं असं मला वाटतं. आता मी स्वतः ज्यू नाही, हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नाही, तेव्हा 'तुला काय पडलंय' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की आमच्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, मूळच्या युक्रेनमधल्या ओडेसाच्या, आणि गेली चार वर्षं सणावाराला त्यांना सिनेगॉगमधे सोडायला-आणायला मी जातो, बऱ्याचदा आत बसतोसुद्धा. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आधी मित्राची बाजू, कारण ती जास्त भक्कम आहे. हझानबद्दलची तक्रार आजकालची नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारोने 'शुल्हान आरुख' हा आचारधर्माचा ग्रंथ लिहिला, ऑर्थोडॉक्स ज्यू आजही त्यावर चालतात, त्यात याचा चक्क नियम आहे. हझान जर देवाची स्तुती गोड सुरात करता येतेय या आनंदाने प्रार्थना लांबवत असेल तर त्याचं भलं होवो, पण आपला आवाज लोकांनी ऐकावा म्हणून, स्वतःच्याच आवाजावर खूश होऊन लांबवत असेल तर ते लाजिरवाणं. आणि कारण कुठलंही असो, फार लांबवणं चांगलं नाहीच, कारण बसलेल्या लोकांना त्रास होतो. (ज्यांनी भर उन्हात हातात अक्षता धरून मंगलाष्टकांचं सातवं-आठवं कडवं ऐकलंय त्यांना कारोसाहेबांचं म्हणणं वेगळं समजावून सांगायला नको.) म्हणजे ज्या धर्माने हे पद निर्माण केलं त्यालाच त्यातला धोका पुरता ठाऊक होता. आणि पुढे तो खराही ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा गेर्शोन सिरोता घ्या, त्या काळातला बहुधा सगळ्यात दणदणीत आवाज. १९०८ पासून वॉर्साच्या त्वोमात्स्के रस्त्यावरच्या भव्य सिनेगॉगचा हझान, ग्रामोफोनवर गाणाऱ्या पहिल्या काही हझानांपैकी एक, १९१२ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधे कार्यक्रम, मग दौऱ्यांवर दौरे. हझान अमेरिकेत आणि मंडळी वॉर्सात. शेवटी १९२० च्या दशकात दोघांची फारकत झाली आणि त्या जागी मोशे कुसेवित्स्की आला, तोही स्टारच.

दुसरा आरोप याहून गंभीर आहे. जुन्या सिनेगॉगमधे शांतता नव्हतीच मुळी, जो तो आपल्या वेगाने पुटपुटतोय, डुलतोय, मधेच ओरडतोय, आणि हझान मधून मधून वरच्या पट्टीत एखादी ओळ उचलून सगळ्यांना एका जागी आणतोय, असा तो प्रकार होता. १८२६ ला व्हिएन्नात श्टाटटेम्पल हे नवं सिनेगॉग उघडलं आणि तिथे सालोमोन सुल्झर हझान म्हणून आला, वय बावीस. त्याने चार आवाजांचा गायकवृंद बसवला, वेड्यावाकड्या ताना छाटल्या, सगळं स्वरलिपीत बांधलं. संगीतकार शुबर्टने १८२८ ला, म्हणजे मरायच्या वर्षी, त्या मंडळीसाठी बायबलमधलं ब्याण्णवावं स्तोत्र हिब्रूतच चालीत बांधून दिलं. लिस्झ्ट ऐकायला गेला आणि भारावून लिहिता झाला. सगळं खरं, पण त्याच काळात जर्मन संस्थानांमधून सिनेगॉगमधल्या शिस्तीचे छापील नियमही निघाले, मोठ्याने प्रार्थना म्हणायची नाही, हझानच्या पुढे पळायचं नाही, जागा सोडायची नाही, काही ठिकाणी दंडसुद्धा. म्हणजे काय झालं, मंडळीचे प्रेक्षक झाले. त्यामुळे आज जे समूहगान करतात त्यांना 'तुम्हाला कला कळत नाही' म्हणून हिणवणं शुद्ध आगाऊपणा आहे, ते दीड-दोनशे वर्षांपूर्वी काढून घेतलेला आवाज परत मागतायत.

हे सगळं मान्य. पण यातून 'म्हणून हझानच नको' हे कसं निघतं? मास्तर मारकुटा निघाला म्हणून शाळा बंद करतात का?

मुळात हे पद आलं कुठून ते बघा. हिब्रूत हझानला 'शलिआह त्सिबूर' म्हणतात, समुदायाने पाठवलेला माणूस, आपल्याकडच्या कोर्टकचेरीच्या भाषेत मुखत्यार. छापील पुस्तकं नव्हती तेव्हा लांबलचक प्रार्थना सगळ्यांना पाठ असणं शक्यच नव्हतं, म्हणून आधी येणाऱ्यांनी मनात म्हणायची आणि मग मुखत्याराने ती सगळी परत मोठ्याने म्हणायची, ज्यांना येत नाही त्यांनी ऐकून 'आमेन' म्हणायचं की त्यांचीही झाली. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात यावर वाद आहे, पण तो येणाऱ्या माणसांचं काय याबद्दल. ज्याला येत नाही त्याच्या वतीने हझानने म्हणायचं याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत. हे पद गवयासाठी निघालं नाही आणि जाणकारासाठी तर नाहीच नाही, ते निघालं सगळ्यात मागे बसलेल्या, काही न कळणाऱ्या माणसासाठी. आता समूहगानाकडे या नजरेने बघा. सगळे मिळून गाऊया हे ऐकायला फार लोकशाहीवादी वाटतं, पण गाणार कोण? ज्याला चाल माहीत आहे तो, ज्याला शब्द येतात तो, जो दर शनिवारी येतो तो. न येणारा माणूस हझानसमोर नुसता ऐकणारा असतो, आणि ऐकणं हा त्याचा रीतसर वाटा असतो. तोच माणूस समूहगानात मात्र गप्प राहिलेला दिसतो. पंगतीत सगळे श्लोक म्हणतायत आणि आपल्याला येत नाही, तेव्हा नुसते ओठ हलवायची वेळ ज्याच्यावर आलीय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

'अहो पण आता पुस्तकं आहेत, लॅटिन लिपीत उच्चार छापलेले असतात, आता कुणाला येत नाही?' असं मित्र म्हणाला होता. जर्मनीत राहून हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमालच. १९८९ च्या सुमाराला पश्चिम जर्मनीतल्या ज्यू मंडळ्यांचे नोंदणी केलेले सभासद होते तीसेक हजार. सोव्हिएत युनियन मोडल्यावर तिकडून दोन लाखांच्या आसपास माणसं इथे आली, ज्यू आणि त्यांच्या घरचे, आणि मंडळ्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. आज बहुतेक मंडळ्यांमधे बहुसंख्य लोक हेच. ही माणसं सत्तर वर्षांच्या सोव्हिएत राजवटीतून आलीयेत, पासपोर्टवर 'यहुदी' असा शिक्का होता पण प्रार्थना कधी कानावर पडली नाही. आमच्या आजी त्यातल्याच. ओडेसात जन्म, आयुष्यभर इंजिनियर म्हणून नोकरी, सिनेगॉगची पायरी पहिल्यांदा चढल्या ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तीही जर्मनीत. त्यांना हिब्रू येत नाही, लॅटिन लिपीतले हिब्रू उच्चार वाचायचे तर जर्मन धाटणीने वाचावे लागतात ते जमत नाही, आणि टाळ्या वाजवत गाणाऱ्या तरुण पोरांमधे त्यांना अवघडल्यासारखं होतं. तेव्हा तालमूदने ज्याच्यासाठी मुखत्यार नेमला तो माणूस युरोपात आज जितका आहे तितका गेल्या कित्येक शतकांत नसेल, आणि नेमकं याच वेळी म्हणायचं की मुखत्यार कालबाह्य झाला?

चालींचं पण बघा. ज्यू प्रार्थनेला 'नुसाह' असतो, म्हणजे कुठल्या वेळेला, कुठल्या दिवशी, कुठल्या सुरावटीत म्हणायचं याचं शास्त्र, शुक्रवार संध्याकाळचं वेगळं, शनिवार सकाळचं वेगळं, उपासाच्या दिवसाचं वेगळं. आपल्याकडच्या रागसमयाची आठवण होते, आणि गंमत म्हणजे पूर्व युरोपातली 'अहावा राबा' नावाची जी प्रसिद्ध सुरावट आहे तिचे नुसते स्वर मांडले तर बसंत मुखारीचे स्वर येतात, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत-निषाद. (स्वर सारखे म्हणून राग सारखा होत नाही हे मला माहीत आहे, जाणकारांनी मारायला धावू नये.) हे शास्त्र गावागणिक बदलायचं आणि गावकरी त्याबाबत कट्टर असायचे. माइन्झचा मोठा धर्मपंडित महारिल, १४२७ ला वारला, तो स्वतः हझानचं काम करायचा. त्याच्याबद्दल अशी नोंद आहे की रेगेन्सबुर्गला गेला असताना त्याने तिथल्या मंडळींचा विरोध डावलून त्यांच्या रिवाजात नसलेलं एक स्तोत्र म्हटलं, पुढे त्याची मुलगी वारली आणि ती त्याचीच शिक्षा असं त्याने मानलं. त्याचा दंडक असा, गावाचा रिवाज बदलायचा नाही, चालसुद्धा नाही. कार्यकारणभाव मला पटत नाही हे उघड आहे, पण त्यामागची समज बघा: चाल गावाची असते, हझान फक्त सांभाळणारा. आज लंडनपासून बुडापेस्टपर्यंत तीच पाच-सहा लाडकी गाणी ऐकू येतात, कारण समूहगानाला पकडायला सोपी चाल लागते आणि सोपी चाल विमानाने फिरते. फ्रँकफुर्टचा, आम्स्टरडॅमचा, रोमचा आपापला जो सूर होता तो कुणाच्या तोंडी राहणार? सुरांची पुस्तकं आहेत म्हणा, स्वीडनमधल्या योतेबोर्गच्या अब्राहाम बेअर नावाच्या हझानने १८७७ मधे दीड हजारांच्या आसपास सुरावटी छापून ठेवल्या, जर्मन-पोलिश-पोर्तुगीज रीती शेजारी शेजारी. अफाट काम आहे. पण पुस्तकातून नुसाह शिकणं म्हणजे पुस्तकातून पोहणं शिकणं. पूर्वी 'मेशोरेर' पोरं हझानच्या घरीच राहायची, पाणी भरण्यापासून सगळं करायची आणि त्याच्या बाजूला उभी राहून गाऊन शिकायची, शागिर्दीच ती.

एक जुना आक्षेप अजून चावून चघळला जातो तो म्हणजे हे सगळं चर्चमधून उचललेलं, ज्यू नाहीच. ऑर्गन, झगा, गायकवृंद. हॅम्बुर्गच्या सुधारक मंडळीने १८१८ ला ऑर्गन आणला तेव्हा युरोपभरच्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, निषेधाची पत्रं लिहिली, ती पुढच्या वर्षी छापून आली. इथे बर्लिनला ओरानियनबुर्गर रस्त्यावर १८६६ ला तीन हजार माणसं बसतील असं नवं सिनेगॉग उघडलं तेव्हा तिथेही ऑर्गन होताच आणि लुई लेवान्डोव्स्कीने त्यासाठी जे संगीत लिहिलं त्यात जर्मन संगीतकार मेन्डेल्सोन ऐकू येतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण उसनवारी एका बाजूनेच झाली असं कुणी सांगितलं? अठराव्या शतकात लंडनच्या ग्रेट सिनेगॉगमधे मेयर लायन नावाचा गायक होता, तोच 'लिओनी' नावाने कॉव्हेन्ट गार्डनला ऑपेरात गायचा, शुक्रवारची रात्र सोडून. त्याची 'यिगदल' या प्रार्थनागीताची चाल ऐकून एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाने त्यावर इंग्रजी भजन रचलं आणि ते आजही 'लिओनी' याच चालीत चर्चमधे गातात. संगीतकार माक्स ब्रुख हा प्रोटेस्टंट, त्याला योम किप्पुर या उपासाच्या सणाला म्हणतात त्या 'कोल निद्रे'ची चाल बर्लिनच्या एका हझानकडून मिळाली आणि १८८० मधे त्याने चेलोसाठी रचना केली. त्याच्याही आधी, इटलीतल्या मान्तुआच्या सालामोने रोस्सीने १६२२-२३ ला व्हेनिसमधे हिब्रू स्तोत्रं अनेक आवाजांत बांधून छापली, तेव्हा हेच आक्षेप आले आणि लेओने मोदेना या रब्बीने ते शास्त्राधाराने खोडले. मग १६३० ला मान्तुआची लूट झाली, तिथली ज्यू वस्ती उद्ध्वस्त झाली, आणि रोस्सी कुणी गायलाच नाही, थेट १८७७ ला पॅरिसचा हझान नाउमबुर्गने शोधून परत छापेपर्यंत. अडीचशे वर्षं! गाणं उत्तम होतं, छापलेलंही होतं, रब्बीची परवानगीही होती. गाणारी मंडळीच नव्हती.

आणि इथेच जेवणावर उसळलेल्या त्या बाईंचा मुद्दा येतो.

त्यांची बाजूही मी हलकी करणार नाही. ओडेसाच्या ब्रॉडी सिनेगॉगचा प्रसिद्ध हझान पिन्हास मिन्कोव्स्की, त्याने १९१० च्या सुमारास ग्रामोफोनवर गाणाऱ्या हझानांवर कडाडून टीका केली, प्रार्थना विकायला काढली, आता ती दारूच्या गुत्त्यातसुद्धा वाजेल अशा थाटाची. तत्त्व म्हणून त्याचं बरोबरही असेल. पण झालं काय? १६ मे १९४३ ला त्वोमात्स्के रस्त्यावरचं ते भव्य सिनेगॉग नाझींनी सुरुंग लावून उडवलं, वॉर्सा गेटोचा, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीचा, उठाव चिरडल्याची खूण म्हणून. सिरोता त्याच उठावाच्या दिवसांत गेटोत मेला, घरच्यांसकट. आज त्याचा आवाज आपल्यापर्यंत आला तो फक्त त्या 'विकलेल्या' तबकड्यांमुळे. मिन्कोव्स्कीचं सगळ्यांनी ऐकलं असतं तर हा पण आवाज नसता. म्हणून रेकॉर्डिंगला, कॉन्सर्टला, महोत्सवाला नाकं मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. क्राकोवचा ज्यू संस्कृती महोत्सव १९८८ पासून चालू आहे, सुरू करणारे ज्यू नव्हते, पोलंडमधे तेव्हा हे करायला हिंमत लागत होती, आणि १८६२ च्या तिथल्या टेम्पल सिनेगॉगमधे हझानचं गाणं परत घुमलं ते त्यांच्यामुळे.

पण एवढं मान्य करूनही 'म्हणजे परंपरा जिवंत आहे' हे मला म्हणवत नाही. पोलंडमधे हझान कालबाह्य झाला नाही, तो आणि त्याचे ऐकणारे मारले गेले, तीसेक लाख माणसं. लंडनमधे तो मारला गेला नाही, तिथे तो काटकसरीत गेला, मोठमोठ्या सिनेगॉगनी निवृत्त झालेल्या हझानच्या जागी नवा नेमला नाही इतकंच. या दोन गोष्टी एकाच 'ऱ्हास' या शब्दात कोंबून जो वाद चालतो त्याचा मला मनस्वी राग येतो, कारण पहिल्याचं दुःख पुढे करून दुसऱ्याची जबाबदारी झाकली जाते. कॉन्सर्टने पहिल्याची थोडीफार आठवण राखली जाते. दुसऱ्यावर तो उपाय नाही. ओरानियनबुर्गर रस्त्यावर कधी आलात तर बघा, सोन्याचा मुलामा दिलेला घुमट परत काय चकाकतो, १९९५ पासून तिथे संग्रहालय आहे. पण घुमटाच्या मागे जा. तीन हजार लोकांचा तो हॉल बॉम्बने मोडला, १९५८ ला पाडून टाकला, आणि आता तिथे मोकळं मैदान आहे, जमिनीवर फक्त भिंतींची रेघ. दर्शनी बाजू आहे, बसायची जागा नाही. कॉन्सर्टमधला हझान मला नेमका असा वाटतो. टाळ्या वाजवणारा माणूस उद्या आजारी पडला तर हा त्याच्या घरी जाणार आहे का? त्याच्या बापाच्या मयताला 'एल माले रहामिम' म्हणणार आहे का? लांबवलं म्हणून त्याला हटकायचा अधिकार तिकीटवाल्याला आहे का?

पद म्हणजे काय हे बघायचं तर एस्ट्रोंगो नाखामा. जन्म १९१८, ग्रीसमधलं सालोनिका, म्हणजे स्पेनमधून हाकललेल्यांच्या वंशातला, लादिनो बोलणारा, जर्मन ज्यूंच्या चालींशी काडीचा संबंध नाही. १९४३ ला आउशविट्झच्या नाझी छावणीत, घरचे सगळे गेले, तो गात होता म्हणून छावणीत ओळखला जायचा, १९४५ ला नाझी कैद्यांना मरेपर्यंत चालवत नेत होते त्यात चालत चालत बर्लिनजवळ सुटला. ग्रीसला जायचं सोडून इथेच राहिला आणि १९४७ पासून बर्लिनच्या मंडळीचा हझान. १९३३ ला या शहरात एक लाख साठ हजार ज्यू होते, त्याच्या पुढ्यात बसायला काही हजार उरलेले, त्यातले अनेक फुटलेले. आणि या माणसाने स्वतःच्या सालोनिकाच्या चाली न लादता लेवान्डोव्स्की शिकून घेतला, कारण या गावाचा सूर तो होता. महारिल खूश झाला असता. शुक्रवारी रेडिओवर त्याची प्रार्थना लागायची, बर्लिनची भिंत उभी राहिल्यावरही तो पलीकडे पूर्व बर्लिनमधे जाऊन तिथल्या मूठभर लोकांचे दफनविधी करत राहिला. २००० साली वारला, म्हणजे पन्नासेक वर्षं एकच मंडळी. पेस्टालोझी रस्त्यावरच्या सिनेगॉगमधे आजही ऑर्गन आणि गायकवृंदासह लेवान्डोव्स्की म्हटला जातो, संग्रहालयातला नव्हे, प्रार्थनेतला, आणि त्याचं एक कारण हा ग्रीक माणूस. यात आवाजाचा वाटा किती आणि टिकून राहण्याचा किती, तुम्हीच ठरवा.

कॉन्सर्ट आणि हझान एकत्र नांदू शकतात का? नांदू शकतात की, आणि त्याचं उदाहरण मला युरोपात शोधायची गरज नाही, ते आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी घालून दिलंय. शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे हे मराठी ज्यू, १७९६ ला सामुएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं, त्याला ते मशीदच म्हणायचे. प्रार्थना नीट म्हणणारे लोक आपल्यात कमी आहेत हे कळल्यावर त्यांनी काय केलं? कोचीनहून जाणकार आणले, हझान नेमले, मुकादम (प्रमुख), गब्बाय (खजिनदार), शमाश (सेवक) यांच्यासारखं तेही एक पद. आणि पुढे १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, दावीद यांच्या कथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली, साक्या-दिंड्यांसकट, ती तुफान लोकप्रिय झाली. पण कीर्तनाला गर्दी होते म्हणून आता हझानची गरज नाही असं कुणी म्हटलं नाही. रंजन आणि बोध तिकडे, मुखत्यारी इकडे. बर्लिनच्या त्या जेवणावर ही साधी फोड कुणालाच सुचली नाही.

राहता राहिला पैसा, आणि इथे माझी बाजू लंगडी आहे हे कबूल करतो. युरोपातल्या सिनेगॉगना दारावर गार्ड ठेवावे लागतात, त्यावर बेसुमार खर्च होतो, आणि गार्ड की हझान असा प्रश्न आला तर गार्डच ठेवायला हवा, याबद्दल वादच नाही. दोनशे सभासदांच्या मंडळीला पूर्णवेळ हझान परवडत नाही. पण मग अर्धवेळ, चार गावांत मिळून एक, हे जुनंच आहे, खेड्यातला हझान शाळाही चालवायचा आणि खाटिकाचं धार्मिक कामही करायचा. 'एखादा हौशी सभासद फुकट म्हणेल की' हे उत्तर सोपं आहे, पण त्यावरही कारोने लिहून ठेवलंय: फुकटच्यापेक्षा पगारी हझान बरा. यामागचा तर्क मला फार आवडतो, पगारी असला की कुणीही उठून पुढे घुसू शकत नाही आणि मंडळीला जाब विचारता येतो. फुकट काम करणाऱ्याला कोण बोलणार? सोसायटीच्या कमिटीवर ज्यांनी एक वर्ष काढलंय त्यांनी यावर मान डोलवली असेल. शिकवायची सोयही झालीय, पॉट्सडॅमला २००७ पासून हझान घडवणारा अभ्यासक्रम सुरू झाला, उदारमतवादी मंडळ्यांसाठी, बायकांनाही खुला, म्हणजे 'हे पुरुषी पद आहे' हा आक्षेपही निदान तिथे लागू होत नाही (ऑर्थोडॉक्सांकडे लागू होतो, तिथे माझ्याकडे उत्तर नाही). शिकून बाहेर पडलेल्यांना नेमणार कोण, हा खरा प्रश्न. माझी सूचना एकच, जुन्या सिनेगॉगमधे तिकीट लावून हझानचं गाणं विकता ना, मग त्या तिकिटातला ठरावीक हिस्सा जवळच्या चालू मंडळीच्या हझानच्या पगाराला द्या, किंवा त्याच्या हाताखालच्या एका शागिर्दाला. महोत्सवांनी हे आपणहून करावं. टाळ्या ज्या झाडाच्या फळाला आहेत त्याच्या मुळाला तांब्याभर पाणी घालायला काय हरकत आहे?

गेल्या वर्षी योम किप्पुरच्या आदल्या संध्याकाळी आजींना घेऊन गेलो होतो. बाहेर पोलीस, बॅग तपासणी, पासपोर्ट, आत गच्च गर्दी. 'कोल निद्रे' तीन वेळा म्हणतात, पहिल्यांदा हळू, मग जरा वर, मग पूर्ण आवाजात. आजी पुस्तक उघडं पण उलटं धरून बसल्या होत्या, मी सुलटं करून दिलं, त्यांनी बंदच करून मांडीवर ठेवलं. पुढे दीड तास त्या नुसत्या ऐकत होत्या आणि जिथे सगळे 'आमेन' म्हणत तिथे बरोब्बर आमेन म्हणत होत्या, एकदाही चुकल्या नाहीत. बाहेर पडल्यावर विचारलं, कसं वाटलं. म्हणाल्या, हझान चांगला आहे, पण शेवटी फार ताणलं त्याने, आपली ट्राम गेली, पुढच्या वेळी भेटला की सांगणार आहे त्याला.